चौथ्या मंगलाष्टकापर्यंत टाळी नाही

"समस्त करवीरवासीयांना, तसेच शाहूवाडीपासून शिरोळपर्यंतच्या तमाम रसिकजनांना अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते, की आज सायंकाळी या नाट्यगृहात, पुढील सूचना मिळेपर्यंत, कोणीही टाळी वाजवणार नाही. ही सूचना लहान मुले, ज्येष्ठ नागरिक आणि माजी नगरसेवक यांनाही लागू आहे."

मेकअप रूममध्ये आरशासमोर उभा राहून मी हे मोठ्यानं म्हणून बघत होतो. मागं खुर्चीत, त्या दिवशी वाजवणाऱ्या मुलांचे गुरू, डिसोझासर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माने, असं बोललास तर लोक भिऊन घरी जातील."

"जे जातील त्यांची काळजी नाही सर. जे बसतील त्यांची आहे."

मी निवेदक. कुणी सूत्रसंचालक म्हणतं, लग्नवाले अँकर म्हणतात, माझी बायको 'बोलायची मशीन' म्हणते. रिसेप्शन, सत्कार, शोरूमचं उद्घाटन, शाळेचं गॅदरिंग, काहीही असो. 'जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या' या एका वाक्यावर माझं घर उभं आहे. त्याच माणसावर टाळ्या बंद करायची जबाबदारी आली होती. हलवायाला डायबेटिसच्या शिबिराचं उद्घाटन करायला बोलावतात, तसं.

आमच्या धंद्यात गॅप नावाचं एक भूत असतं. स्टेजवर कुणी बोलत नाही, काही वाजत नाही, प्रमुख पाहुणे अजून शिरोलीच्या नाक्यावर आहेत, असा जो रिकामा वेळ असतो तो गॅप. गॅप दिसला की निवेदकानं उडी घ्यायची आणि तो भरून काढायचा. भरायला जे बोलतो ते फिलर. चारोळी, विनोद, सापडलेली चावी, गेटसमोर लावलेली गाडी, सगळं चालतं. एकदा वरात अडकली म्हणून मी नवरीच्या मामांचं संपूर्ण चरित्र सांगितलं होतं. मामा मला त्याच दिवशी पहिल्यांदा भेटले होते. पण ऐकून ते स्वतः रडले.

आता त्या संध्याकाळचं. युरोपातला एक आंतरराष्ट्रीय चेंबर म्युझिक महोत्सव आपल्याकडच्या काही शहरांत फिरत होता आणि त्याची एक संध्याकाळ कोल्हापूरला मिळाली होती. चेंबर म्युझिक म्हणजे एखाद्या दिवाणखान्यात मावेल एवढ्या मोजक्या माणसांचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. त्यातलं स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चौघंजण: दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला ही व्हायोलिनची अंगानं थोडी भरलेली, आवाजानं थोडी घोगरी बहीण. चेलो हा घरातला थोरला. तो गुडघ्यांत धरूनच वाजवावा लागतो आणि रिक्षात बसत नाही. समोर काठी हलवणारा कंडक्टर नसतो. चौघांनी एकमेकांकडं बघायचं, एकमेकांचा श्वास ऐकायचा आणि वाजवायचं.

प्रत्येक शहरात परदेशी कलाकारांच्या आधी तिथल्या तरुण मुलांचं एक क्वार्टेट वाजवणार होतं. त्याचं थेट रेकॉर्डिंग महोत्सवाच्या मुख्यालयात, लिस्बनला जाणार. सगळी रेकॉर्डिंग ऐकून एका गटाला समारोपाला तिकडं बोलावणार, आणि वर तिथंच वर्षभर शिकायची सोय. आमची चौघं डिसोझासरांची मुलं. सर तरुणपणी मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, नंतर बायकोच्या माहेरी कोल्हापुरात येऊन राहिले. पहिलं व्हायोलिन सानिका कांबळेचं. वडील एसटीत क्लार्क, मुलगी बोलायला कमी आणि बघायला धारदार. चेलोवर ओंकार. मधल्या दोघी जयसिंगपूरच्या चुलत बहिणी. लिस्बनचं जमलं नाही तर चौघं पांगणार हे ठरलेलंच होतं. ओंकारची पुण्यात नोकरी पक्की झाली होती, दोघी बहिणींपैकी एकीचं लग्न निघालं होतं. सानिकानं मला सरळ सांगितलं होतं, "काका, आज बिघडलं तर हे आमचं शेवटचं."

बिघडायची भीती का होती, तर आदल्या आठवड्यात बिघडलं होतं. बिघडवलं होतं मी.

जयसिंगपूरच्या एका शाळेत रंगीत तालीम ठेवली होती. चौघांनी सुरुवात केली, छान वाजलं आणि थांबलं. सानिकानं रुमालानं हनुवटी पुसली. ओंकार चेलोची खुंटी पिळायला लागला. माझ्या डोक्यात घंटा वाजली, गॅप. मी माइक घेऊन धावलो. काय ती बोटं, काय ती तयारी, या चिमुकल्यांसाठी एकदा जोरदार टाळ्या वगैरे. चिमुकली सगळी विशीतली. टाळ्या कडाडल्या. मुख्याध्यापक गुच्छ घेऊन स्टेजवर चढले. ओंकारला चेलोमुळं उठता येईना, म्हणून त्यांनी गुच्छ चेलोलाच दिला आणि फोटोसाठी थांबले. निम्मी शाळा चपला शोधायला लागली. तेव्हा सानिका माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, अजून तीन भाग राहिलेत."

या संगीतात एका रचनेचे असे चार भाग असतात. त्यांना मूव्हमेंट म्हणतात. दोन भागांच्या मधे थोडं थांबतात, घाम पुसतात, तारा जुळवतात. पण ते संपलेलं नसतं. त्या थांबण्यात टाळी वाजवायची नाही, असा जगभरचा रिवाज आहे. आणि लिस्बनवाल्यांचा नियम त्याहून कडक. रेकॉर्डिंग सलग हवं, कापाकापी नको, मधे टाळ्या किंवा बोलणं आलं तर ते ऐकणारच नाहीत.

महोत्सवाच्या मॅनेजर केतकी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, सुरुवातीलाच लोकांना स्पष्ट सांगतो. त्यांना ते पटलं नाही. प्रेक्षकांना शाळेतल्यासारखी शिस्त लावायची नाही, इट्स इन्सल्टिंग, ब्रोशरमध्ये सगळं छापलंय, असं म्हणाल्या.

"मॅडम, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून तुम्ही पंखे बंद करणार आहात ना?"

"हो."

"मग ब्रोशर वाचायला शिल्लक राहणार नाही. वारा घेतील."

त्यांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाल्या, "दोन मिनिटं देते. नो जोक्स."

"एक तरी?"

"नो. आणि अनाउन्समेंट झाली की माइक माझ्याकडं. मी तुमचं जयसिंगपूर ऐकलंय."

हे सगळं ठीक होतं. पण खरा धोका अजून गाडीत होता आणि गाडी मलकापूरहून निघाली होती.

शाहूवाडीकडच्या एका गावातले चेअरमन. सोसायटीचे चेअरमन होऊन गेले त्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण नाव तेच राहिलं. मोठा दिलदार माणूस. परदेशी पाहुण्यांच्या जेवणाखाण्याची सोय त्यांनी अंगावर घेतली होती. शिवाय हॉल रिकामा दिसू नये म्हणून ते गावाकडची दोन गाड्या माणसं घेऊन येत होते. त्यांचे उपकारच म्हणायचे. कारण कोल्हापुरात स्ट्रिंग क्वार्टेट ऐकणारे एका रिक्षात बसले असते आणि मागं पिशवी ठेवायला जागा उरली असती.

अडचण एवढीच, की चेअरमनना काही आवडलं की त्यांचे हात त्यांच्या ताब्यात राहत नसत. भजन असो, भाषण असो, बारशाला बाळ जांभई देऊ दे, ते दणकून टाळी देणार. त्यांचा पंजा म्हणजे पाटीच. आणि गावाची रीत अशी, की पहिली टाळी चेअरमनची. त्यांच्या आधी कुणी वाजवायची नाही आणि त्यांनी वाजवल्यावर कुणी थांबायचं नाही. म्हणजे त्यांचा एक हात उठला की दोन गाड्या सुटणार, आणि लिस्बन तिथंच संपणार.

मी फाटकातच त्यांना गाठलं. नमस्कार-चमत्कार झाले. सगळं समजावून सांगितलं. चेअरमन फेटा सावरत ऐकत होते. चेहरा उतरत चालला होता.

"म्हंजे पोरं जीव तोडून वाजवत्यात, आन् आमी मढ्यागत बसायचं?"

"फक्त मधे मधे, साहेब. शेवटी हव्या तेवढ्या."

"आवो, मधी दाद दिली न्हाय तर पोरांना वाटंल समोर दगडं मांडल्यात. आन् संपलं त्ये कळायचं कसं? त्यास्नी काय शिट्टी बिट्टी असतीय का?"

शेजारी त्यांच्या मंडळी उभ्या होत्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. बारीक अंगाची बाई, पण गावातला महिला बचत गट त्या एकटीच्या भुवईवर चालतो. त्या म्हणाल्या, "लग्नात कळतंय की. एक मंगलाष्टक झालं म्हणून कोण वाजंत्री लावतंय व्हय? अंतरपाट पडला की मग."

मी तिथल्या तिथं खिशातली सूचना काढली आणि फाडली. समस्त करवीरवासीय आणि माजी नगरसेवक कचऱ्याच्या डब्यात गेले.

"पण यांचं काय करायचं, वहिनी? यांना दर मंगलाष्टकाला राहवणार नाही."

"भावजी, ह्यांचा हात मी धरते." त्यांनी पदर खोचला. "आजवर चारचौघांत धरला न्हाय. आज कामच हाय म्हटल्यावर काय."

चेअरमन चक्क लाजले. मी वहिनींना म्हटलं, संपलं की मी विंगेतून हात वर करीन. विंग म्हणजे स्टेजच्या कडेचा पडद्यामागचा कोपरा. त्यांची जागा पहिल्या रांगेत, माझ्यापासून सरळ दिसणारी. मी हात वर केला की सोडायचं, तोवर काही झालं तरी सोडायचं नाही. वहिनींनी मान हलवली. त्यांनी मान हलवली की बँकसुद्धा कर्ज देते.

मी आत आलो तर सानिका उभी. तिला माझ्यावर अजून पूर्ण भरवसा नव्हता, आणि तो का असावा? "काका, आमचे बो हवेत असतील तोवर संपलेलं नाही. बो खाली आले की मगच," ती म्हणाली. बो म्हणजे व्हायोलिन वाजवायची ती लांब काठी. मी शपथेवर कबूल केलं.

पडदा उघडला. मी स्टेजवर गेलो आणि नो जोक्स पाळून, अगदी भटजीबुवांच्या चेहऱ्यानं सांगितलं. मंडळी, आज इथं चार मंगलाष्टकं आहेत. एक झालं की मुलं दम घेतील. तेव्हा अक्षता मनातल्या मनात टाकायच्या. बोलायचं नाही, टाळी नाही. चौथं झाल्यावर लग्न लागलं. मग काय वाजवायचं ते वाजवा. हॉलमध्ये सगळ्या माना हलल्या. मंगलाष्टकांच्या वेळी कसं वागायचं हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोराला कळतं. मी माइक केतकी मॅडमच्या हातात दिला आणि विंगेत येऊन उभा राहिलो. डिसोझासर तिथं स्टुलावर बसले होते. मॅडम रेकॉर्डिंगच्या खोलीत गेल्या.

पहिला भाग झाला. थांबले. खोकल्याची एक लाट आली आणि गेली. चेअरमनचे दोन्ही हात आपोआप वर यायला निघाले. वहिनींनी एक पंजा हवेतच पकडला आणि मांडीवर आणून दाबून धरला. मागच्या दोन गाड्यांची नजर स्टेजवर नव्हतीच. सगळे चेअरमनकडं बघत होते. चेअरमन वाजवत नाहीत म्हटल्यावर कुणी वाजवली नाही.

दुसरा भाग सावकाशीचा. एकटा चेलो खालच्या सुरात सुरू झाला. मग एकेक जण त्यात येत गेला, जशी घरातली माणसं न बोलता एकेक करून अंगणात येऊन बसतात. मला यातलं काही कळत नाही. पण ब्रोशरनं वारा घेणाऱ्या बायकांचे हात थांबले हे मी बघितलं. डिसोझासरांची बोटं गुडघ्यावर हलत होती. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला गॅप भरावासा वाटला नाही.

तिसरा भाग नाचरा. चेअरमनचा पाय ठेका धरायला लागला. त्यांची चप्पल नवी होती, कर्रकर्र वाजणारी. दुसऱ्याच ठेक्याला वहिनींचा पाय त्यांच्या पायावर जाऊन बसला. आता हातही गेला, पायही गेला. चेअरमनचा फेटा तेवढा हलत राहिला. फेट्याचा आवाज येत नाही, म्हणून वहिनींनी तो सोडला.

चौथ्यात चौघं एकमेकांच्या मागं धावत होते. एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं उचलायचं. सानिका मधेच हसली, ओंकारनं ते बघितलं आणि तोही हसला. मग शेवटचा एक मोठा सूर, चौघांचा एकदम, आणि चारही बो हवेत.

झालं.

आणि काहीही झालं नाही.

मी बो खाली यायची वाट बघत होतो. बो खाली येईनात. सानिकानं मला नंतर सांगितलं, जयसिंगपूरनंतर तिनं ठरवलं होतं, की या वेळी टाळ्या सुरू झाल्याशिवाय बो खाली घ्यायचाच नाही, म्हणजे काकांचा गोंधळ नको. बाकी तिघं तिच्याकडं बघून चालणारे. तिचा वर, म्हणून त्यांचेही वर. बो वर, म्हणून माझा हात खाली. माझा हात खाली, म्हणून वहिनींची पकड घट्ट. वहिनींची पकड घट्ट, म्हणून चेअरमनची टाळी नाही. आणि चेअरमनची टाळी नाही, म्हणून सगळा हॉल गप्प. प्रत्येकजण दिलेलं काम चोख करत होता.

शांतता वाढत गेली. आमच्या धंद्यात एवढ्या गॅपमध्ये माणसं निलंबित होतात. सानिकाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला विंगेतून दिसलं. तिला वाटत होतं, कुणालाच आवडलं नाही. डिसोझासर स्टुलावरून अर्धे उठले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण रेकॉर्डिंग चालू, माइक मॅडमकडं आणि शपथ माझी. मी नजरेनंच चेअरमनना विनवलं. ते लालबुंद झाले होते. हात सोडवायला बघत होते. वहिनी माझ्याकडं बघत बसल्या होत्या, सूचनेची वाट पाहात, शांतपणे.

आणि मग चेअरमन बोलले. त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही. एकच वाक्य. ते मी राखून ठेवतो, निवेदकानं शेवटचा आयटम आधी देऊ नये. पुढं काय झालं ते ऐका.

आधी हॉल हसला. वहिनींनी चटका बसल्यासारखा हात सोडला आणि तोंडाला पदर लावला. चेअरमनची टाळी पडली, आणि मग जे सुटलं ते थांबेना. मागच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. सानिकानं आधी घाबरून ओंकारकडं बघितलं, मग पहिल्या रांगेकडं, आणि डोळे पुसत पुसत जी हसायला लागली, की तिला वाकून नमस्कार करता येईना. ग्रीन रूममधले परदेशी कलाकार बाहेर काय झालं ते बघायला विंगेत आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून तेही टाळ्या वाजवायला लागले.

केतकी मॅडम खोलीतून धावत आल्या. चारही भाग स्वच्छ आले होते. पण शेवटी ती शांतता आणि ते वाक्य. त्यांना ते कापायचं होतं. डिसोझासर म्हणाले, कापायचं नाही असा नियम तुमचाच आहे, आणि वाक्य मधे नाही, संपल्यावर आहे. मॅडमनी मनातल्या मनात नियम परत वाचला आणि रेकॉर्डिंग जसंच्या तसं गेलं.

पुढच्या महिन्यात लिस्बनहून मेल आली. आमच्या चौघांना बोलावणं. ओंकारनं पुण्याच्या नोकरीवाल्यांना कळवून टाकलं आणि लग्न ठरलेल्या बहिणीनं तारीख पुढं ढकलली. सासरकडची माणसं म्हणे त्या दोन गाड्यांतलीच होती, त्यामुळं फार समजवावं लागलं नाही. मेलमध्ये परीक्षकांनी लिहिलं होतं, की मुलं छान वाजवतात हे तर झालंच, पण शेवटच्या सुरानंतर एवढा वेळ श्वास रोखून बसणारा प्रेक्षक त्यांनी कुठंच ऐकला नाही. तिकडच्या मोठमोठ्या हॉलमध्येसुद्धा लोक घाईनं टाळ्या वाजवतात म्हणे. आणि शेवटी विचारलं होतं, ती शांतता मोडणारा तो ज्येष्ठ रसिक काय म्हणाला, त्याचा अनुवाद मिळेल का.

केतकी मॅडमनी मला फोन केला, काय लिहू म्हणून. मी म्हटलं, लिहा की त्यांना आवडलं.

मी मात्र धडा घेतला. आता कुठल्याही कार्यक्रमात शांतता ठेवायला सांगायचं असलं, तर ती मोडायचं काम कुणाकडं आहे हे आधी ठरवतो, आणि तो माणूस अविवाहित बघतो.

बाकी अनुवाद काही मला जमला नाही. कारण त्या भरल्या, गप्प नाट्यगृहात, चारही बो हवेत असताना, चेअरमन बायकोकडं वळून म्हणाले होते,

"आगं, सोड की आता हात, लागलं न्हवं लगीन."